हुंग्याला न सापडलेला हातमोजा

मित्रांनो, हातमोजे म्हटले की जोडी आलीच, पण माझी जोडी कधीच फुटली. मी एकटा उरलेला, जुना, जाड चामड्याचा उजवा मोजा आहे. वेल्डर घालतात तसला, पार कोपरापर्यंत पोहोचणारा. सध्या एका वर्कशॉपच्या दारामागे खिळ्याला लटकलो आहे. अंगठ्यापाशी उसवलो आहे, तळव्याला दोन भोके पडली आहेत. त्यामुळे मला कोणी हातात घालत नाही आणि उचलून फेकतही नाही.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात, असा माझा अनुभव आहे. शेजारच्या खिळ्यावर एक छत्री असते. तिच्या काड्या मोडल्या, कापड फाटले, तरी ती साऱ्या जगाचे भले चिंतते. मला ते जमत नाही. मी पहिल्यापासून कडक. शिवाय माझ्या मनात एक गोष्ट सलते आहे आणि ती गोड करून सांगितली तर खोटी होईल. तुम्ही लहान आहात, तरी ऐकून घ्या.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे शिलाई मशीनच्या दोन रांगा होत्या आणि प्रत्येक मशीनवर एक बाई बसलेली असे. कोणी बोटे शिवायची, कोणी अस्तर लावायची. माझा अंगठा शिवणारी बाई वयस्कर होती. तिच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती. तिने मला उलटे शिवले आणि मग काठीने एकेक बोट बाहेर ढकलत सुलटे केले. "अंगठा नीट बसला की मोजा वर्षानुवर्षं जातो," ती शेजारणीला म्हणाली, "बाकी काही असू दे." माझा अंगठा उत्तम बसला होता. पुढे जे बिघडले त्यात त्या बाईचा काही दोष नाही.

तिथून मी आणि माझा डावा भाऊ एका वेल्डरच्या हाती आलो. लोखंडी फाटके, खिडक्यांच्या जाळ्या आणि बागेतली बाके बनवणारे ते वर्कशॉप होते. पुढे मालकांची काचेची केबिन, मागे मोकळे मैदान, आणि कुंपणाच्या कडेला कामगारांसाठी दोन खोल्यांचे एक घर. त्या घरात वेल्डर, त्याची बायको आणि त्यांची मुलगी राहत. घर मालकांचे होते.

वेल्डर हाताचा फार चांगला. त्याने जोडलेला सांधा नुसता डोळ्यांनी सापडायचा नाही, बोट फिरवून शोधावा लागे. पण तोंडाचा तो अगदीच गरीब. मालकांनी अर्धे वाक्य बोलावे आणि उरलेल्या अर्ध्याला याचे 'हो मालक' तयार. मालक वाईट होते असे मी म्हणणार नाही. ते थट्टेखोर होते आणि चौघांत हसायला त्यांना आवडे. पण वेल्डरला त्यांच्या हसण्याचीही भीती वाटे. मी त्याच्या हातात असे, म्हणून मला ठाऊक. मालक केबिनबाहेर आले की आत त्याचा तळवा ओला व्हायचा.

आठ वर्षे मी ठिणग्या झेलल्या. तापलेला पत्रा धरला, वितळत्या लोखंडाचे थेंब अंगावर घेतले. त्याच्या हातावर एक फोड मी येऊ दिला नाही. पुढे एका गडबडीच्या दिवशी माझा डावा भाऊ लालबुंद पट्टीवर राहून गेला आणि पाहता पाहता त्याचा कोळसा झाला. वेल्डरला नवी जोडी मिळाली. "उजवा अजून धडधाकट आहे," तो म्हणाला आणि त्याने मला घरापुढच्या ओट्याखाली टाकून दिले. कामाच्या माणसाला बसवून ठेवले की जसे होते तसे माझे झाले. मी दिवसभर कुढत पडून असायचो.

आणि मग हुंग्या आला.

मैदानातल्या जुन्या पाइपांच्या ढिगात एका कुत्रीने पिल्ले घातली होती. बाकीची कुठे कुठे गेली, हा तेवढा राहिला. तपकिरी रंग, एक कान उभा, एक मोडलेला. दिसेल ते हुंगायचा, म्हणून मुलीने त्याचे नाव हुंग्या ठेवले. मुलगी दहा-अकरा वर्षांची होती. शाळेत जेमतेम, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तिचा पिच्छा सोडत नसे.

एकदा वेल्डरने भंगार उपसायला मला वापरले आणि मैदानातच विसरला. संध्याकाळी तो मला शोधत सगळीकडे हिंडला. मी गवतात पडलो होतो. हुंग्या त्याच्या पायात घुटमळत होता. एकाएकी तो वेल्डरचा हात हुंगून निघाला, नागमोडी धावत माझ्यापर्यंत आला आणि माझ्यावर पंजा ठेवून बसला. उचलले नाही, चावले नाही. नुसता बसून राहिला.

"बाबा, त्यानं तुमच्या हाताचा वास घेतला आणि तसाच वास शोधला!" मुलगी ओरडली. "शाब्बास रे हुंग्या!"

तो शब्द ऐकून हुंग्याचे सारे अंग हलू लागले. बिस्किटाचा तुकडा मिळाला तो वेगळाच, पण त्याला हवा होता तो शब्द. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा खेळ सुरू झाला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मोजा लपवायचा आणि कुत्र्याने शोधायचा, त्यात काय मोठेसे? तसे नाही. मुलगी आधी मूठभर धूळ हवेत सोडून वारा कुठून येतो ते पाही. मला लपवताना ती हात लावत नसे, आईच्या स्वयंपाकघरातल्या चिमट्याने धरी. तिच्या हाताचा वास लागला तर हुंग्याचा गोंधळ होईल, हे तिचे तिनेच शोधून काढले होते. पहिल्या दिवशी मी उघड्यावर होतो. मग गवताआड, मग विटेखाली, मग झाडाच्या बेचक्यात. खेळ सुरू करताना ती बापाचा कामाचा सदरा हुंग्याच्या नाकापुढे धरी आणि म्हणे, "शोध."

मग हुंग्या वेगळाच होऊन जाई. मान खाली, शेपटी ताठ, नाकपुड्या थरथरत. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो आडवा-तिडवा जाई. माझ्या वासाचा धागा लागला की शेपटीचे टोक तेवढे हले. तिथून फेऱ्या आखूड होत. मी जागच्या जागी त्याची पावले ऐकत असे. तो जवळ आला की त्याचा गरम श्वास माझ्या बोटांत शिरे, मग पंजा पडे, मग मुलगी धावत येई आणि ओरडे, "शाब्बास!" जन्मात मला कोणी शोधत आले नव्हते. कामाला वापरणे निराळे आणि शोधणे निराळे.

मुलीचे दोन नियम होते. पहिला, मोजा कोणी धुवायचा नाही, पुसायचा नाही. "त्यात बाबा आहेत," ती सांगे. आणि दुसरा, शेवटचा डाव नेहमी सोपा. हुंग्या कितीही दमला, चुकला, तरी शेवटी मला ती असे ठेवी की त्याला सापडेनच. "तो हरून घरी जायचा नाही," ती म्हणे. हे ऐकून तिची आई हसायची. पोरीचे खूळ, दुसरे काय!

दोन वर्षे अशी सुखात गेली. कामगार जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन मैदानात येऊन बसत आणि हुंग्याचा खेळ पाहत. वेल्डरसुद्धा कधी नव्हे तो चारचौघांत मोठ्याने बोलू लागला. "पाइपात ठेवला तरी काढतो बघा," असे सांगताना त्याची छाती फुगे.

माशी शिंकली ती एका गिऱ्हाइकाच्या पायी. मोठे फाटक बघायला कोणी साहेब आले होते, पांढरीशुभ्र पँट घालून. हुंग्या त्यांचे स्वागत करायला गेला आणि दोन्ही पंजे चिखलासकट त्यांच्या गुडघ्यांवर ठेवून आला. साहेब नाक मुरडून निघून गेले. मालक केबिनबाहेर आले.

"कुत्रं कंपाउंडात नको," ते वेल्डरला म्हणाले. "उद्यापासून दिसता कामा नये."

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा वेल्डरच्या तोंडून 'हो मालक' निघाले नाही. तो म्हणाला, "मालक, तो नुसता कुत्रा नाही. वासावर वस्तू शोधतो."

मालकांना गंमत वाटली. "असं? मग दाखव की. रविवारी सगळ्यांसमोर. तुझी वस्तू मी माझ्या हातानं लपवणार. शोधली तर कुत्रं राहू दे, मी काही बोलणार नाही. नाही शोधली तर सोमवारी गेटाबाहेर. कबूल?"

"कबूल मालक," वेल्डर म्हणाला.

घरी सगळे हरखून गेले. मुलीला तर जिंकल्यासारखेच वाटले. "मैदानात कुठंही ठेवा, त्याला पाच मिनिटं लागायची नाहीत," ती म्हणाली. तिने गुरुवारपासून खेळ बंद ठेवला. परीक्षेआधी नाकाला विश्रांती हवी, असे तिचे म्हणणे पडले. मला तिने ओट्याखाली ठेवले आणि ती शाळेत गेली.

आता वेल्डरच्या बायकोविषयी सांगायला हवे. कामगारांचे डगले धुण्याचे काम तिच्याकडे होते. ग्रीस, गंज, तेल, कसलाही डाग असो, तिच्या हाताखालून सुटायचा नाही. तिच्या तारेवर वाळणारे कपडे पाहून मालकीणबाईंनी एकदा तारीफ केली होती आणि ती तारीफ तिने कितीदा सांगितली असेल याला हिशेब नाही. गुरुवारी दुपारी ती ओटा झाडत होती. तिने मला पाहिले. काळाकुट्ट, तेलकट, घामाने खरखरीत झालेला.

"अगंबाई," ती स्वतःशीच म्हणाली, "हे असलं मालकांच्या हातात द्यायचं?"

मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती मला नळावर घेऊन गेली, तेव्हा मी मनातून सुखावलो. दहा वर्षांत माझ्या अंगाला पाणी लागले नव्हते. तिने साबणाचा चुरा लावला, ब्रशने एकेक बोट घासले, आत हात घालून अस्तर चोळले. तीन पाण्यांतून मला काढले. पहिले पाणी काळे निघाले, दुसरे तांबूस, तिसरे स्वच्छ. चामडे उन्हात कडक होते हे तिला माहीत होते, म्हणून तिने मला सावलीत वाळवले आणि वर तेलाचे बोट फिरवले. मी उजळलो. माझा मूळचा पिवळा रंग मलाच पहिल्यांदा आठवला. शनिवारी तिने मला ठेवणीतल्या कपड्यांच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या मधोमध, घडी करून ठेवले. रेशमी साडीशेजारी! माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. त्या तिसऱ्या स्वच्छ पाण्याबरोबर काय वाहून गेले, हे मला तेव्हा कळायला हवे होते. पण मालकांच्या हातात आपण कसे दिसू, याच विचारात मीही गर्क होतो.

मुलीने शनिवारी विचारले, "आई, मोजा कुठं गं?"

"मी नीट ठेवलाय. तू काळजी करू नकोस," आई म्हणाली. खोटे ती काही बोलली नाही.

रविवारी सकाळी मैदानात खुर्च्या मांडल्या होत्या. मालक, त्यांचा कारकून, गेटवरचा वॉचमन, सगळे कामगार. वेल्डरच्या बायकोने मला स्वच्छ वर्तमानपत्रात गुंडाळून आणले आणि थेट मालकांच्या हातात दिले. हुंग्याला घेऊन मुलगी वर्कशॉपच्या दाराआड उभी होती, लपवताना त्याने पाहू नये म्हणून. तिथून तिने चिमटा उंच धरून दाखवला.

"बाबा, त्यांना हातानं नका धरू देऊ!"

"गप्प बस," वेल्डर दबक्या आवाजात म्हणाला. "मालकांच्या हातात चिमटा द्यायचा होय?"

मालकांनी अत्तर लावले होते. त्यांनी मला दोन्ही हातांत खेळवत मैदानभर फेरी मारली आणि रिकाम्या पिंपांच्या रांगेत, एका आडव्या पिंपाच्या तोंडाशी ठेवले. जागा अगदी सोपी होती. मुलगी असल्या जागा शेवटच्या डावाला ठेवी.

हुंग्या आला. मुलीने सदरा त्याच्या नाकापुढे धरला. "शोध."

तो निघाला. मी ती पावले ओळखली. आडवी फेरी, तिडवी फेरी, पिंपांच्या बाजूला वळण. तो माझ्यापासून हातभर अंतरावर आला. त्याचे नाक माझ्या करंगळीला लागले. मी इथे आहे रे, मी म्हणत होतो, मीच आहे! तो थांबला, एकदा शिंकला आणि पुढे निघून गेला.

साबण, डांबरगोळी आणि अत्तर. माझ्यात आता तिघेजण राहत होते आणि त्यांतले कोणीही त्याच्या ओळखीचे नव्हते.

तो पुन्हा आला, पुन्हा हुंगले, पुन्हा गेला. मग मैदानाच्या मध्यावर उभा राहून त्याने नाक वर केले. वारा खुर्च्यांकडून येत होता. हुंग्या सरळ रेषेत चालत गेला, खुर्च्यांच्या मागे उभ्या असलेल्या वेल्डरसमोर थांबला आणि त्याच्या बुटावर पंजा ठेवून बसला.

मित्रांनो, तो चुकला नव्हता. त्याला जो वास दिला होता, तो सदरा सोडला तर त्या अख्ख्या मैदानात एकाच ठिकाणी होता आणि तिथेच तो जाऊन बसला होता. इतका नेमका शोध त्याने आधी कधी लावला नसेल. तो मान वर करून 'शाब्बास' ऐकायला थांबला.

मैदानात हशा पिकला.

"अरे, हा तर तुलाच शोधून बसला!" मालक पोट धरून हसले. "तू कधी हरवला होतास रे?"

पुन्हा एक संधी दिली. पुन्हा तेच. मालकांनी उठून मला पिंपातून काढले आणि उंच धरून दाखवले. "हा काय, समोरच तर आहे! नाक गेलंय तुझ्या कुत्र्याचं."

मुलगी धावत आली आणि तिने मला त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतले. मला नाकाशी धरताच तिचा चेहरा उतरला.

"आई," ती म्हणाली, "हा धुतलास?"

आईच्या तोंडचे पाणी पळाले. वेल्डरनेही ऐकले. त्यालाही सगळे उमगले, माझी खात्री आहे. त्याने एकदा बायकोकडे पाहिले, एकदा हसणाऱ्या मालकांकडे, आणि मान खाली घातली.

"बाबा, सांगा ना त्यांना!"

"काय सांगू?" तो पुटपुटला. "चल घरी."

घरी आल्यावर आई ओट्यावर बसून रडू लागली. "माझं चुकलं हो. मी जाते. मीच सांगते मालकीणबाईंना, की मी धुतला म्हणून."

"कुणी कुठं जायचं नाही," वेल्डर म्हणाला. "आधी हरले आणि आता कारणं सांगताहेत, असं म्हणतील. आणखी हसतील."

"हसू देत ना बाबा," मुलगी म्हणाली. "हसले तर काय होतं?"

  या प्रश्नावर मी कितीतरी वर्षे विचार करतो आहे.

सोमवारी फाटके घेऊन एक ट्रक दगडाच्या खाणीवर चालला होता. खाणीच्या राखणदाराला कुत्रा हवाच होता. अर्ध्या दिवसाचा रस्ता. हुंग्या मोठ्या खुशीने ट्रकमध्ये चढला, त्याला वाटले नवा खेळ आहे. मुलगी शाळेत गेली नाही. ट्रक दिसेनासा होईपर्यंत ती गेटाशी उभी होती.

त्याच आठवड्यात वेल्डरचा नवा उजवा मोजा फाटला आणि माझी पुन्हा कामावर नेमणूक झाली. चार-पाच दिवसांत मी पूर्वीसारखा काळा झालो. घाम मुरला, धूर मुरला, तेल मुरले. डांबरगोळीचा वास विरून गेला. हेच आठवडाभर आधी झाले असते तर, असे मनात येई आणि माझे मलाच नकोसे होई.

दहाव्या दिवशी, भर दुपारी, वॉचमन ओरडत आला. "अहो, तुमचा कुत्रा! गेटाशी आलाय!"

सगळे हातचे काम टाकून धावले. वेल्डर मला हातात तसाच घालून गेला. गेटाबाहेर हुंग्या उभा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. एका पायाला चीर पडली होती. गळ्यात तोडलेल्या दोरीचा तुकडा लोंबत होता. ट्रकच्या अर्ध्या दिवसाचा रस्ता, जो त्याने एकदाच आणि ताडपत्रीखाली बसून पाहिला होता, तो त्याने पायी शोधून काढला होता.

"नाक गेलं म्हणत होते याचं!" कारकून हळूच म्हणाला. कोणी हसले नाही.

मालक केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. ते काही बोलले नाहीत. कामगार मालकांकडे पाहत होते, वेल्डर मालकांकडे पाहत होता, नळावर डगले धूत बसलेली त्याची बायको साबणाच्या हातांनी उठून उभी राहिली होती आणि नवऱ्याकडे पाहत होती. तिने बोलायला तोंड उघडले आणि मिटले. मुलगी शाळेत होती.

माझ्या आत वेल्डरचा तळवा ओला झाला. मला वाटले, आता बोलेल. एवढेच तर म्हणायचे होते, मालक, याला राहू द्या.

तो वळला, वर्कशॉपमध्ये गेला आणि नवी दोरी घेऊन आला.

हुंग्याने त्याला येताना पाहिले. वेल्डर त्याच्यासमोर वाकला तेव्हा मी हुंग्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतो. त्याने मला हुंगले. आधी अंगठा, मग तळवा, मग एकेक बोट. त्याच्या शेपटीचे टोक हलले. या खेपेला मी त्याचाच मोजा होतो. हुंग्या मागच्या पायांवर बसला. जखमेचा पाय उचलून त्याने पंजा माझ्यावर ठेवला आणि मान वर करून वाट पाहू लागला.

वेल्डरने त्याच पंजाखालून मला काढून घेतले आणि त्याच्या गळ्यात दोरी अडकवली. दोरी ओढणारा हात त्याचा होता, पण पकड माझी होती. त्या म्हातारीने शिवलेल्या अंगठ्यासकट माझी पकड पक्की होती. हुंग्या पाय रोवून मागे खेचत होता, आणि मी काही केल्या सुटलो नाही. दुपारच्या ट्रकने तो परत खाणीवर गेला.

संध्याकाळी मुलगी घरी आली. तिला कोणीतरी रस्त्यातच सांगितले होते. बाप जेवायला बसला होता. ती दप्तर न उतरवता त्याच्यापुढे उभी राहिली.

"तो आला होता?"

"हो."

"मोजा तुमच्या हातात होता?"

"हो."

"मग तो बसला असेल."

वेल्डरने मान डोलावली.

"तुम्ही शाब्बास म्हणालात?"

वेल्डरने ताट बाजूला सारले आणि तो उठून बाहेर गेला.

आता शेवटचे, आणि सगळ्यांत कडू. काही महिन्यांनी मालक आणि कारकून याच दाराशी बोलत उभे होते. मी इथेच खिळ्यावर होतो. मालक म्हणाले, "त्या दिवशी मी कुठं काय बोललो होतो? एवढ्या लांबून आलेलं कुत्रं मी हाकललं असतं का? हाच दोरी घेऊन आला. मला वाटलं, यालाच नको असेल."

"मग तुम्ही म्हणायचं होतंत," कारकून म्हणाला.

"मी कशाला म्हणू? कुत्रा त्याचा," मालक म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

ट्रकच्या ड्रायव्हरकडून कधीमधी बातमी येई. हुंग्या आता साखळीला असतो, अंगाने भरला आहे, पण कोणी काही पुढे केले तर हुंगत नाही, असे तो सांगे. पुढे ड्रायव्हर बदलला आणि बातम्याही थांबल्या. मुलगी मोठी झाली. तिने दुसरा कुत्रा पाळला नाही आणि वर्कशॉपमध्ये आली तरी या दारामागे पाहत नाही. वेल्डर अजून कामावर आहे. त्याचे सांधे अजून उत्तम असतात.

मित्रांनो, कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला स्वच्छ ठेवा. मी ते सांगणार नाही. मला फार मन लावून जपले होते, साबण लावून आणि तेल फिरवून. तुम्ही कुत्र्याशी असा खेळ खेळलात, तर वस्तू मळकीच राहू द्या, आणि तो सांगेल तिथे जाऊन बघा. त्याने शोधून काढलेले तुम्हाला हवे ते नसले, तरी शोधल्याचे शाब्बास त्याला द्या. आणि एखाद्याच्या बाजूने बोलायची वेळ आली तर दुसऱ्या कोणाच्या तोंडाकडे पाहत थांबू नका. मी मोजा आहे, मला पाच बोटे आहेत, पण तोंड नाही. त्या दुपारी गेटाशी तोंड असलेली तेरा माणसे उभी होती.